खिडकीतल्या वाटीतला गहू

दादाचा फोन आला तेव्हा मी पैठणच्या बाजारात वांगी निवडत होतो. "तुझी वहिनी गेली," तो म्हणाला, आणि लगेच, जणू तेच मुख्य काम होतं, "आत्ता एसटी कितीची आहे?" एसटीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण पैठण ते संभाजीनगर गाड्यांचं वेळापत्रक मला अजून पाठ असणार अशी माझ्या भावाची समजूत आहे. पाठ आहेच. मी वेळ सांगितली, हातातली वांगी परत टोपलीत ठेवली आणि स्टँडकडे चालू लागलो. रडू वगैरे काही आलं नाही. गाडीत खिडकीशी बसल्यावर एवढंच वाटत राहिलं की वहिनींनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

तो प्रश्न सांगायचा तर आधी वहिनी सांगायला हव्यात. सुलभा वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. संभाजीनगरात मुकुंदवाडीतल्या एका खाजगी शाळेत त्यांनी जन्मभर पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवलं, आणि विज्ञानातही त्यांचा जीव वनस्पतींच्या धड्यांत. चुंबक, तरफ, ध्वनी वगैरे त्या कर्तव्य म्हणून उरकत. पण मूळ-खोड-पान आलं की बाईंचा आवाज बदलतो, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. आमचं घर तेव्हा मुकुंदवाडी स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं, वर पत्रे. वडील गेल्यावर गावाकडचं शेत विकून माय, दादा, मी आणि धाकटी निमा तिथं येऊन राहिलो होतो. दादा चिकलठाण्याला कारखान्यात लागला आणि वर्षभरात वहिनी सून म्हणून घरात आल्या. नव्या नवरीनं काही दिवस खाली मान घालून वाढावं अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मला विचारलं, "भाऊजी, आत्ता तुम्ही झाडाचा कोणता भाग खाताय?" ताटात बटाट्याची भाजी होती. मी छाती काढून सांगितलं, मूळ. "खोड," त्या म्हणाल्या, "त्याला डोळे असतात ना? डोळे खोडाला असतात. मूळ हवं असेल तर मुळा घ्या." त्या दिवसापासून आमच्याकडे सुखाचं जेवण राहिलं नाही. कांदा म्हणजे आखूड खोड आणि त्यावर बसलेली जाड पानं, फ्लॉवर म्हणजे न उमललेल्या फुलांचा गड्डा, गवारीची शेंग म्हणजे फळ... दादा कंटाळून म्हणायचा, "अगं, भूक लागलीय मला, परीक्षा नाही द्यायची." माय मात्र ऐकायची. तिला हे सगळं ठाऊक असल्यासारखा तिचा चेहरा असायचा, नावं तेवढी नवीन.

शाळेतल्या त्यांच्या गोष्टी मला शमीम मॅडमकडून कळायच्या. त्या वहिनींबरोबर शेजारच्या तुकडीला विज्ञान शिकवत आणि आमच्याच गल्लीत राहत. एकदा फुलाचा धडा आला. वहिनींनी घरून जास्वंदीची फुलं नेली, प्रत्येक बाकावर एक ठेवलं आणि ब्लेडनं उभं चिरून दाखवलं. बाहेरचा हिरवा पेला, आत पाकळ्या, मधल्या दांड्यावर पिवळे परागकण घेऊन उभे असलेले पुंकेसर, त्या दांड्याच्या आतून टोकापर्यंत गेलेलं स्त्रीकेसर आणि तळाशी अंडाशय. परागकण टोकावर पडला की तळाशी बी तयार व्हायला लागतं, इतकं सरळ. दारातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना ते जरा जास्तच सरळ वाटलं. हा भाग मुलांना आणि मुलींना वेगवेगळा बसवून शिकवता येणार नाही का, असं त्यांनी नंतर बोलावून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "सर, जास्वंदीला विचारून सांगते." तो विषय तिथंच संपला. शाळेच्या कुंपणावर भोपळ्याचा वेल होता. त्याला नुसतीच फुलं येतात, भोपळा धरत नाही, म्हणून शिपाई मामा ती फुलं खुडून टाकायचे. वहिनींनी अख्खा वर्ग कुंपणापाशी नेला. ज्या फुलाच्या मागं इवलासा भोपळा आहे ते मादीफूल, ज्याच्या मागं नुसता देठ आहे ते नरफूल, आणि मामा खुडतात ती सगळी नरफुलं. एकेका पोरानं एकेक नरफूल घेऊन मादीफुलाला टेकवायचं, हा त्या दिवशीचा गृहपाठ. पुढं भोपळे इतके लागले की शिपाई मामांनी मुख्याध्यापकांच्या घरी पोचवले.

बी म्हणजे काय हे सांगताना मात्र त्यांनी माझी नोकरी वापरली. भिजवलेला वाल सोलायचा, दोन दलं अलगद वेगळी करायची आणि मध्ये दुमडून बसलेला अंकुर दाखवायचा. "हा एसटीची वाट बघणारा प्रवासी," त्या मुलांना सांगत. "शिदोरी सोबत आहे, सामान बांधलेलं आहे. पाणी, हवा आणि ऊब अशा तिन्ही गोष्टी आल्या की हा उठणार. आधी पाय खाली टाकणार, म्हणजे मूळ. मग डोकं वर काढणार, म्हणजे कोंब. आमच्या भाऊजींची गाडी उशिरा येते, तोवर हा बसून राहतो." विज्ञानाला माझी एवढीच देणगी. मुलांनी प्रयोग करून वहीत निरीक्षणं लिहायची असत, आणि त्यात त्यांचा एकच नियम होता, जे दिसलं तेच लिहायचं. पुस्तकात आहे म्हणून लिहिलं तर गुण कापले जात. एका मुलीनं लिहिलं होतं, "माझं बी उगवलं नाही कारण मी रोज उकरून बघत होते." तिला पैकीच्या पैकी. ज्या हुशार मुलांनी बी न पेरताच छान कोंबाची आकृती काढली होती त्यांना भोपळा, आणि तो कुंपणावरचा नव्हे.

आता गव्हाची गोष्ट. आमच्या घरी नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू पेरायचा, मधोमध पाण्याचं मडकं आणि रोज एक फुलांची माळ. नऊ दिवसांत देवघराच्या अंधारात पिवळंधमक धान वर येतं. जितकं उंच आणि दाट, तितकं घराला बरकतीचं, असं माय मानायची. दसऱ्याला घट उठले की पुरुषांनी ते धान टोपीत खोवून सोनं वाटायला जायचं. पिवळं आणि उंच का, तर त्या रोपाला ऊन मिळत नाही, म्हणून ते उजेड शोधत लांबतं, हे वहिनी शाळेत शिकवत. घरी त्यांनी ते कधी काढलं नाही. मायला दुसराच अभिमान होता. घटात पेरायचा गहू आमच्या स्वतःच्या शेतातला असे. शेत विकलं त्या वर्षी वडिलांनी पेरलेला बन्सी गहू, लांबट, तांबूस दाण्याचा. त्यातला पोतंभर तिनं पत्र्याच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. खायला बाजारचा गहू यायचा. कोठीतला फक्त घटासाठी, वर्षाला ओंजळभर. दरवर्षी तो थोडा कमी उगवायचा, हे आम्हाला नंतर विचार केल्यावर आठवलं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग निमाचं लग्न ठरायची वेळ आली. लासूर स्टेशनचं स्थळ होतं, धान्याची आडत असलेलं घर. त्याआधी निमाला बऱ्याच जणांनी बघून नाकारलं होतं आणि बघायच्या कार्यक्रमाला ती आताशा साडीही नीट नेसत नव्हती. या मुलानं मात्र पोहे खाऊन झाल्यावर विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?" निमानं काय विचारलं ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण त्या दिवसापासून ती गाणं गुणगुणत भांडी घासायला लागली. दसऱ्याला सुपारी फोडायचं ठरलं. मी तोवर एसटीत लागून पैठण डेपोला गेलो होतो, नवरात्रासाठी रजा काढून घरी आलो होतो. आणि त्या वर्षी घट उगवेना. चौथी माळ झाली, पाचवी झाली, माती काळीच. माय आधी एकदा पाणी घालायची, मग दोनदा, मग येता-जाता. सहाव्या माळेला तिनं दादाला बोलावून सांगितलं, "देवीच्या मनात नाय. लासूरवाल्यांना निरोप धाड. बीज उगवंना घरात, अन् पोरीचं लगीन काढू व्हय?" दादा आईच्या शब्दापुढं न जाणारा. त्यानं मान हलवली. निमा परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

"आत्याबाई," वहिनी मायला म्हणाल्या, "निरोप दोन दिवस थांबवा. हे देवीचं आहे की पाण्याचं, एवढं बघू द्या मला." त्यांनी तीन वाट्या काढल्या. मायच्याच हातानं कोठीतला गहू घेतला. एका वाटीत कोरडे दाणे, दुसरीत दाणे बुडतील इतकं पाणी, तिसरीत ओल्या कापसावर दाणे. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही, ते कुजतं. ओलसर कापसावरच्याला पाणी मिळतं आणि हवाही. घटाचं तेच झालंय, चिखल झालाय त्याचा, असं त्या समजावून सांगत होत्या. दादा म्हणाला, "हे मी पाचवीत शिकलोय." "मग त्या दिवशी गैरहजर होतात का?" वहिनी म्हणाल्या. माय हसली नाही. "बघ बाई," ती म्हणाली, "तुमच्या शाळंत चालतं तसं." वाट्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या.  त्या दोन दिवसांत निमा पाणी प्यायच्या निमित्तानं खिडकीपाशी जायची आणि तशीच परत यायची.

आठव्या माळेला माय सकाळीच कर्णपुऱ्याच्या देवीला गेली होती. दुपारी आली तेव्हा वहिनींनी तिच्यापुढं तिन्ही वाट्या मांडल्या. पहिल्या वाटीत दाणे होते तसेच. दुसऱ्या वाटीतले फुगलेले, वास मारणारे. तिसऱ्या वाटीत पांढरी मुळं सुटली होती आणि कोंबांची टोकं वर आली होती. मायनं ती वाटी उचलून दाराच्या उजेडात नेली. एका दाण्यावरून बोट फिरवलं. वाटी परत खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "व्हय. पाणीच लई झालं माझं." निरोप गेला नाही. दसऱ्याला घट उठवले, त्यात काही नव्हतं. पण मायनं त्या वाटीतलं बोटभर वाढलेलं धान माझ्या आणि दादाच्या टोपीत स्वतःच्या हातानं खोवलं आणि आम्ही गल्लीभर सोनं वाटून आलो. संध्याकाळी सुपारी फुटली. उन्हाळ्यात लग्न झालं. त्याआधी मायनं कोठी मोकळी केली आणि त्या सगळ्या बन्सी गव्हाचा चीक काढून रुखवताला कुरडया घातल्या. पुढच्या नवरात्रापासून घटाचा गहू लासूरहून, निमाच्या दुकानातून यायला लागला. आणि मायनं घटाला हात लावणं सोडलं. "सुलभे, तू बसव," एवढंच म्हणाली. सासूनं हयातीतच देवघर सुनेच्या हाती दिलं म्हणून गल्लीत कौतुक झालं. माय त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण नवरात्रात लांब भिंतीला टेकून बसायची आणि वहिनी पाणी घालताना बघायची.

एवढं सगळं मला ठाऊक होतं आणि मी ते सुखान्त म्हणून कितीदा तरी डेपोत सांगितलंही होतं. या श्रावणात मी वहिनींना भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर बसून होत्या. हृदय दमलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादा औषधं आणायला गेला होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर एसटीत लोकांची तिकिटं तपासली. खोटं पकडायची नजर तुमची. त्या वाटीत तुम्हाला काहीच दिसलं नाही?" मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तिसऱ्या वाटीत काहीच उगवलं नव्हतं. सकाळी उठून पाहिलं तर दाणे फुगलेले, एकावर पांढरी बुरशी, मूळ एकालाही नाही. पाण्याचा प्रश्नच नव्हता. गहूच मेलेला होता. वर पत्रा, खाली पत्र्याची कोठी, त्यात चार-पाच उन्हाळे... "प्रवासी तरी किती वाट बघणार?" त्या म्हणाल्या.

"मग तेच सांगायचं होतं," मी म्हणालो, "गहू जुना झाला, देवीचा काही संबंध नाही."

"कुणाला सांगू? तुमच्या वडिलांनी पेरलेला शेवटचा गहू तो. आत्याबाईंनी जिवापाड जपलेला. घरचं बीज मेलं, असं मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांना त्याचा अर्थ काय लागला असता? मग लासूर कशाचं आणि लग्न कशाचं. खरं कारण मला सापडलं होतं, भाऊजी, आणि तेवढंच सांगण्यासारखं नव्हतं." त्या वाटी पर्समध्ये घालून शाळेत गेल्या. शमीम मॅडमच्या वर्गात तोच प्रयोग चालू होता. त्यांच्या मुलांच्या वाट्यांतून गव्हाचे नुकते मोड आलेले दाणे त्यांनी मागून घेतले. शमीम मॅडम म्हणाल्या होत्या, "क्या बाई, घर में भी इन्स्पेक्शन आया क्या?" मधल्या सुट्टीत वहिनी घरी आल्या, माय अजून देवीहून यायची होती, आणि दाणे कापसावर मांडले. ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना दिसलं तेच लिहा म्हणून सांगितलं, तिनं एवढा एक प्रयोग खोटा केला.

पण त्यांना ते खोटं टोचत नव्हतं. टोचत होतं ते वेगळंच. "आत्याबाईंनी दोष स्वतःवर घेतला," त्या म्हणाल्या. "पाणी लई झालं म्हणाल्या आणि त्यानंतर घटाला शिवल्या नाहीत. त्यांना वाटलं आपला हात वाईट. जन्मभर केलेलं देवाचं काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलं, तेही खोटं बोलून. त्या भिंतीशी बसून बघत राहायच्या ना, तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून पाणी घालायचे. किती नवरात्रं सांगेन सांगेन म्हणत होते... त्या गेल्या. चुकलं का माझं?" मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, निमाचं चांगलं झालं की नाही?" त्यांनी माझ्याकडे वर्गात बघतात तसं बघितलं. "काय झालं ते मी विचारलं नाही. चुकलं का, ते विचारलं. याला फार तर अर्धा गुण." मी म्हणालो, विचार करून पुढच्या खेपेला सांगतो. "बरं," त्या म्हणाल्या. पुढची खेप दादाच्या त्या फोनवरच झाली.

तेराव्याला निमा लासूरहून आलेली होती. पंगती उठल्या, माणसं पांगली, दादा बाहेर कुणाला तरी निरोप देत होता. मी आणि निमा स्वयंपाकघरात गेलो तर खिडकीत एक वाटी. ओला कापूस आणि त्यावर वीतभर वाढलेला गहू, उजेडाच्या बाजूला झुकलेला, हिरवागार. निमाच्या लग्नानंतर दरवर्षी भाद्रपदात वहिनी हे करायच्या. लासूरहून आलेल्या गव्हातले थोडे दाणे आधी खिडकीत उगवून बघायचे आणि मगच तो घटासाठी ठेवायचा. मास्तरणीची खोड म्हणून आम्ही तिची थट्टा करायचो. पुन्हा कधी तसं खोटं करायची पाळी येऊ नये, म्हणून त्या ते करत होत्या, हे मला त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळलं. या वर्षीही दाणे घातले आणि उगवलेले बघायला त्या राहिल्या नाहीत. दादा रोज त्यात पाणी घालत होता, कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं.

ती वाटी बघून निमाला रडू आवरेना. मला वाटलं, तिला काहीच ठाऊक नसेल, आता आपणच सांगावं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुला एक सांगू? मायनं मला शपथ घातली होती, पण आता कुणापासून लपवायचं?" पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती तेव्हा माय तिला म्हणाली होती, "तुझ्या भावजयीनं वाटीत घातलेला गहू माझा नव्हता. माझा लांब दाण्याचा, तिनं ठिवलेला आखूड, टपोरा. इतकी वर्सं निवडलाय मी त्यो, मला वळखू नाय व्हय? म्हंजी माझा गहू मेला. तिला कळलं अन् तिनं ते माझ्यापासून झाकलं. परक्याच्या पोरीनं माझ्या पोरीसाठी देवाम्होरं खोटं केलं. तवाच म्हणलं, हा घट आता हिच्या हातानंच बसंल." निमानं विचारलं होतं, मग वहिनीला सांगत का नाहीस? तर माय म्हणाली, "नगं. मास्तरीण हाय ती, जिवाला लावून घील."

मला राग आला. खरं सांगायचं तर इतका राग मला कुणाच्या मरणाचाही आला नव्हता. निमावर आला, मेलेल्या मायवर आला. मायनं घट सोडला तो स्वतःचा हात वाईट म्हणून नाही, सुनेचा हात मोठा मानला म्हणून. आणि सून समोर बसून तो अपराध म्हणून भोगत राहिली. एका स्वयंपाकघरात दोघी एवढी वर्षं राहिल्या, एकमेकींना जपत राहिल्या आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. "तू तरी सांगायचंस वहिनींना," मी निमाला म्हणालो. "काय सांगायचं?" ती म्हणाली. "तिला टोचतंय हे मला कुठं म्हाईत होतं? तुला म्हाईत होतं, तर मला विचारायचंस."  श्रावणात कळलेली गोष्ट मी जपून ठेवली होती, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे. निमानं वाटीतली रोपं अलगद काढून परसातल्या कुंडीत लावली. त्या वेळी आम्ही दादाला काही सांगितलं नाही. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत घट बसवत नाहीत, त्यामुळे यंदा नवरात्रात देवघराचा कोपरा रिकामाच राहिला.

हे वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहून झालं तेव्हा मनात आलं की ज्याला यातलं काही ठाऊक नाही असा दादा एकटाच उरलाय, आणि त्याला हे छापून आल्यावर कळणं बरं नाही. म्हणून कागद घेऊन परवा मुकुंदवाडीला गेलो. त्याला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवलं.  मायचे शब्द आले तेव्हा त्यानं हातानं थांब अशी खूण केली. मग विचारलं, "तो गहू खरंच मेला होता?"

"हो."

"एकही दाणा नाही?"

"एकही नाही."

"बाबांबरोबर पाभरीमागं मी होतो तो पेरताना," दादा म्हणाला. मग त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. "मायला सांगितलं असतं तर माय जेवली नसती. मीही जेवलो नसतो. बरं केलं सुलभानं." जे उत्तर मी श्रावणात देऊ शकलो नव्हतो ते त्यानं चष्मा पुसता पुसता दिलं. ते द्यायला हवं होतं वहिनींना, आणि त्या नव्हत्या. मला त्या क्षणी त्यांची फार आठवण आली, त्या गेल्यापासून पहिल्यांदाच अशी.

दादा उठून स्वयंपाकघरात गेला आणि ती वाटी घेऊन बाहेर आला. घासून पुसून ठेवलेली होती. माझ्यापुढच्या कागदांवर ती ठेवून म्हणाला, "पुढच्या भाद्रपदात गहू कोण तपासणार, तेवढं लिही त्यात."

ते अजून ठरलेलं नाही.